कंदिलाच्या खोक्यात सापडलेली उधारी (दसरा ते नाताळ, फक्त दोघांचे दिवस)

तगर

काल माळा आवरायला काढला. दरवर्षी घट बसायच्या आत उरकते, यंदा दसरा उलटला तरी हात लागला नव्हता. कंदिलाचं खोकं खाली घेतलं, तर तळाशी घातलेल्या वर्तमानपत्राखाली एक चिठ्ठी. नवऱ्याचं अक्षर. "पतंगी कागद लाल २, पिवळा १. काड्या. मैदा (खळीला). दोरा. बेगड नको, महाग आहे." आणि मागच्या बाजूला: "पाडव्याची ओवाळणी, माथेरान. येणे बाकी." खाली सही आणि साल २००३.

ती आमची लग्नानंतरची पहिली दिवाळी. डोंबिवलीत भाड्याची दीड खोली, ह्याचा पगार दोन महिने अडकलेला. दिवाळसणाला माहेरी जाऊन आलो, बाबांनी ह्याच्या बोटात अंगठी घातली. तेव्हापासून हा गप्प. परतीच्या लोकलमध्ये सारखा ती अंगठी फिरवत बसलेला. पाडव्याला मला काय घालायचं हा घोर, हे मला कळत होतं पण बोलून दाखवलं असतं तर अजून गप्प झाला असता.

कंदीलही विकत आणायचा नाही असं ठरलं होतं. दोघं जमिनीवर बसून करत होतो. काड्यांचा सांगाडा ह्याने बांधला, दर सांध्याला दोरा ओला करून गुंडाळायचा, म्हणजे वाळला की आवळतो. मी मैद्याची खळ शिजवली, ती जरा पातळच झाली. पतंगी कागद ओल्या खळीवर ठेवला की क्षणभर सुरकुततो आणि वाटतं गेला हा कागद वाया, मग वाळताना आपोआप ताणला जातो. फुंकर मारायची नाही, बोट लावायचं नाही, नुसतं बघत बसायचं. रात्री दोनला शेपट्या चिकटवल्या. त्यातली एक उलटी लागली, ती तशीच राहिली.

पाडव्याला ओवाळलं तेव्हा ताटात ही चिठ्ठी पडली. पुढच्या वर्षी लेक झाली. त्याच्या पुढच्या वर्षी जुलैचा पाऊस. मग शाळा, सासूबाईंचं आजारपण, घराचे हप्ते. माथेरान आमच्याकडून दीड तासावर. बावीस वर्षं झाली.

लेक बंगळूरला, परीक्षा नेमकी पाडव्याच्या आठवड्यात. म्हणजे २००३ नंतर पहिल्यांदाच घरात आम्ही दोघंच. मला जरा कसंतरीच होतंय. तुमच्या अशा दोघांच्याच सणांचं, सुट्ट्यांचं, भटकण्याचं सांगा ना. चकलीची भाजणी दळून आणलीय पण सोऱ्या फिरवायला हुरूप नाही.

चिवडा_पातळ_पोह्यांचा

बेगड नको महाग आहे!! इथेच मी संपले.

लाल_डबा

लेकीचं तिकीट काढलंच नव्हतं का? आता रेल्वेचं आरक्षण १२० नाही, ६० दिवस आधी सुटतं. नोव्हेंबर २०२४ पासून. आमच्याकडे अजून निम्म्या लोकांच्या लक्षात नाही. दिवाळीच्या गाड्या सकाळी आठला खिडकी उघडली की आठ वाजून तीन मिनिटांनी प्रतीक्षा यादी.

तगर

लाल_डबा, परीक्षा आहे हो तिची, तिकीट नाही.

लाल_डबा

हो हो, वाचलं आता. तरी नाताळचं काढून ठेवा.

सोनकी

आमचं कास.

लग्नाला तीन महिने झाले होते, सप्टेंबरचा शेवट. साताऱ्यात मुक्काम आणि सकाळी सहाला पठारावर. धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. मी फोटोंसाठी पिवळी साडी नेसून गेले होते (हसा). नवरा वनस्पतिशास्त्रवाला. तो तासभर गुडघ्यावर बसून होता आणि मी छत्री धरून उभी. शेवटी चिडून म्हटलं, मी पण आहे इथे. तर म्हणतो, खाली बस, तुला एक दाखवतो. जांभळी इवली फुलं, नखाएवढी. सीतेची आसवं. किती हळवं नाव ना? आणि मग हा सांगतो की ही कीटकभक्षी आहे, मातीत नत्र कमी म्हणून मुळांपाशी बारीक पिशव्या असतात, त्यात किडे ओढून घेते. जांभ्या खडकावर मातीचा थरच पातळ, खायला काही नाही, म्हणून ही सोय.

मी म्हटलं बरोबर आहे, रडते पण आणि खाते पण.

तेव्हापासून घरात मी रडायला लागले की हा लांब सरकून बसतो.

धुकं साडेनऊला फाटलं. तेरड्याचा गुलाबी, मध्ये सोनकीचा पिवळा. साडीचा चिखल झालेला, फोटो एकही धड नाही. कुणी जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा आणि नोंदणी करून जा. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर कास आलं आणि गर्दी बघायलाच नको.

एकटा_जीव

मी इथे चुकून आलो. भाजणी शब्द दिसला म्हणून थांबलो.

चिवडा_पातळ_पोह्यांचा

थांब रे. चकल्या झाल्या की वाटप आहे.

पट्टीचा_पोहणारा

पुरुषांची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. पाडवा हा दिवस नवऱ्यांसाठी वार्षिक परीक्षा आहे आणि पेपर दरवर्षी अभ्यासक्रमाबाहेरचा.

पहिल्या वर्षी साडी दिली, रंग आईच्या वयाचा निघाला. दुसऱ्या वर्षी पैसे दिले, "मी काय मोलकरीण आहे?" तिसऱ्या वर्षी डोकं चालवलं. बायको रोज स्कूटरवर तेवीस किलोमीटर जाते, तिला उत्तम हेल्मेट घेतलं. ताटात मावेना म्हणून पाटावर ठेवलं. ती निरांजन हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. सासूबाई फोनवर व्हिडिओ कॉलवर. त्या म्हणाल्या, जावईबापू, कुणाचा अपघात झाला का?

मग बायकोने ते घातलं, काच खाली केली आणि तसंच मला ओवाळलं. फोटो आहे, दाखवणार नाही. हेल्मेट सात वर्षं वापरतेय. गेल्या वर्षी जूनमध्ये ओल्या रस्त्यावर घसरली तेव्हा ते हेल्मेट होतं, एवढंच सांगतो. त्या वर्षीच्या पाडव्याला तिने काही मागितलं नाही, मीही काही दिलं नाही, दोघं मिसळ खायला गेलो.

सोनकी

व्हिडिओ कॉलवर सासूबाई.. डोळ्यांसमोर आलं!

निशाचर

ब्रेकमध्ये लिहितेय, तुटक होईल.

मी नर्स, नवरा कारखान्यात शिफ्टला. कोल्हापूर. गेली अकरा वर्षं लक्ष्मीपूजनाला आम्ही दोघं एकाच वेळी घरात असू असं दोनदाच झालं. आमचं बोलणं फ्रीजवर. "भात केलाय." "गॅस संपला." "तुझी आई फोन करत होती." एकदा त्याने लिहिलं होतं "चेहरा विसरलो, फोटो लाव." मी खरंच पासपोर्ट साइज लावला.

नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान सूर्योदयाआधी करायचं म्हणतात. आम्ही तेव्हा घरी पोचतो. सगळी गल्ली उटणं लावून फटाके उडवत असते आणि आम्ही कामाच्या कपड्यात जिना चढत. मी त्याच्या पाठीला तेल लावते, तो बसल्या बसल्या झोपतो. कारीट फोडायला अंगठा उचलायचं त्राण नसतं, दोघं मिळून एकच फोडतो.

पण एक दिवस आमचा आहे. त्रिपुरी पौर्णिमा. पंचगंगेच्या घाटावर पहाटे पणत्या लावतात, हजारोंनी. लोक गजर लावून, डोळे चोळत येतात. आम्हाला उठायचंच नसतं, आम्ही जागेच असतो. रात्रपाळी सुटली की थेट घाटावर. पायऱ्यांवर रांगा, पाण्यात त्याच रांगा उलट्या, आणि थंडी. मागे एकदा वारा होता, पणती काही केल्या राहीना. नवऱ्याने कामावरचं जाडं जाकीट काढून आडोसा धरला. पणती लागली, जाकिटाची बाही करपली. अजून तेच जाकीट घालतो.

घंटा वाजली, जाते.

अनारसा

निशाचर, तुझं वाचून कामं सोडून बसलेय. पासपोर्ट साइज!

तगर, चकलीला हुरूप नसेल तर एक सांगू? निम्मीच कर. आम्ही दोघंच असतो तेव्हा मी चार प्रकार करायचे आणि डिसेंबरपर्यंत शंकरपाळे संपवत बसायचो. आता एक तिखट, एक गोड. बाकी विकतचं. कुणी काही म्हणत नाही, कुणी आहेच कुठे म्हणायला.

माझं नाव बघून कुणी अनारशाबद्दल विचारू नका. गेल्या वर्षी तुपात विरघळले. सगळे. नवरा म्हणाला, तुपाला छान वास आलाय.

चिवडा_पातळ_पोह्यांचा

विरघळले म्हणजे गूळ जास्त. थोडी तांदळाची पिठी मिसळून बघायचं होतं.

अनारसा

विचारू नका म्हटलं ना :)

बर्फाळ

न्यू हॅम्पशायरहून. इथे पानं लाल व्हायला लागली की आमच्या घरी भांडणं सुरू होतात.

कॅन्कमॅगस म्हणून रस्ता आहे, लिंकन ते कॉनवे, सुमारे ५५ किलोमीटर, दोन्ही बाजूंनी मेपल. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कळस. नवऱ्याला वाटतं थांबू नये, रस्ता अनुभवावा. मला दर वळणावर उतरायचं असतं. एका वर्षी मी म्हटलं, मागे घे, ते झाड राहिलं. तो म्हणाला, पुढे अशी लाखभर आहेत. पुढचे चाळीस किलोमीटर कुणी बोललं नाही. गाडीत फक्त मागच्या सीटवरचा डबा खडखडत होता. शेवटी त्यानेच गाडी वळवली, ते झाड शोधत परत आलो. सापडलं नाही. उन्हाची तिरीप गेली की तेच झाड वेगळं दिसतं.

लाल रंग कसला ते मला त्यानेच सांगितलं होतं, लग्नाआधी, भाव खायला. पिवळा पानात आधीपासून असतोच, हिरवा गेला की दिसतो. लाल मात्र झाड शेवटी शेवटी नव्याने तयार करतं. तेव्हा मला फार भारी वाटलं होतं.

दिवाळीचं सांगायचं तर सुट्टी नाही, ऑफिस असतं. नोव्हेंबरात घड्याळं एक तास मागे जातात आणि पावणेपाचलाच अंधार. पणत्यांना बरंच. पहिल्या वर्षी हौसेने घरात फुलबाजी लावली. एकच. धुराचा अलार्म असा कोकलला की इमारत रिकामी झाली. खाली पार्किंगमध्ये वीसेक माणसं पायजम्यात, बाहेर दोन अंश, आणि मी पैठणीत, हातात विझलेली काडी. अग्निशमनवाले आले. नवऱ्याने त्यांना समजावलं की सण आहे. त्यातला एक म्हणाला, मग गोड काही आहे का? बेसनाचा लाडू दिला. तो पुढच्या वर्षी भेटला तेव्हा लाडवाची आठवण काढली. ओळख पैठणीवरून पटली म्हणे.

लाल_डबा

त्या रस्त्याला टोल आहे का?

बर्फाळ

नाही. टोल नाही आणि पेट्रोल पंपही नाही. ते दुसरं भांडण.

वसईकर_सून

नाताळचं कुणीच लिहिलं नाही अजून, मी लिहिते.

माझं माहेर ठाण्याचं ब्राह्मण, सासर वसईचं ख्रिस्ती. लग्नाला दोन्हीकडून तोंडं वाकडी, आता दोन्हीकडून डबे येतात. आमच्या गॅलरीत एकच हूक आहे. वसुबारसेला त्याला कंदील चढतो, तुळशीचं लग्न लागलं की उतरतो आणि डिसेंबर लागला की त्याच हुकाला, त्याच वायरला तारा. नवरा म्हणतो आपण फक्त कव्हर बदलतो.

पहिल्या नाताळला सासऱ्यांनी गोठा करायला आम्हाला बसवलं. गवत, शेणानं सारवलेली पाटी, मारिया, योसेफ, बाळ येशू, गाय, सगळं होतं. मेंढपाळांचा डबा मात्र उंदरांनी फोडलेला. एकच उरला, तोही बिनडोक्याचा. दुकानं बंद. माझ्याकडे दिवाळीच्या किल्ल्यातले मावळे होते, भाच्यासाठी घेतलेले. मी हळूच दोन उभे केले, मागच्या बाजूला, गवतात.

सासरे मिस्साहून आले. गोठ्यापुढे गुडघे टेकले, क्रूस केला, डोळे उघडले. बराच वेळ बघत होते. मला घाम. मग म्हणाले, "ह्याच्या हातात भाला का आहे?"

नवरा म्हणाला, "पप्पा, लांडगे असतात."

ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी गोठ्याचं खोकं उघडलं, तर ते दोन मावळे कापसात गुंडाळून नीट ठेवलेले. तेव्हापासून ते कायम आहेत. भाचा मागतो, मिळत नाही.

मिस्सा आता मध्यरात्रीची नसते, लाउडस्पीकरच्या वेळेमुळे मैदानातली लवकरच होते. मग आम्ही रात्री घरोघर चालत जातो. फुगे (तळलेले गोल पाव), इंद्याल (मांसाचा आंबट-तिखट रस्सा) आणि करंज्या. हो, आमच्याकडे नाताळलाही करंज्या. त्या मी करते आणि सासूबाई "दिवाळीच्या उरल्या का?" म्हणून चिडवतात.

निशाचर

"पप्पा, लांडगे असतात"!! वॉर्डात मोठ्याने हसले, पेशंट जागा झाला.

एकटा_जीव

मला हे सासरे हवेत.

पट्टीचा_पोहणारा

आधी बायको कर.

खवय्या_काका

मंडळी, मी वयाने मोठा आहे, थोडं बोलतो. सौ. जाऊन चार वर्षं झाली. आमची दोघांची गंमत कोजागिरीची असायची. मसाला दूध आटवायचं, चारोळ्या मी निवडायच्या, केशर तिने खलायचं. गच्चीवर पातेलं न्यायचं, चंद्र दिसेपर्यंत पत्ते. ती पत्त्यांत लबाडी करायची आणि मी ओळखलं नाही असं दाखवायचो. अजून दोघांचं दूध करतो. कमी प्रमाणात जमतच नाही मला. दुसरा पेला सकाळी गार पितो.

असो. भाजणीचं चाललं होतं. सौ.च्या वहीतलं देतो. तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, मूग डाळ एक, उडीद डाळ अर्धी, पोहे अर्धी, मूठभर धणे, थोडं जिरं. सगळं वेगवेगळं भाजायचं. "मंद" हा शब्द वहीत तीनदा अधोरेखित आहे. तो मला उद्देशून आहे.

तगर

काका... काय लिहू. दूध करत राहा. माझी भाजणी दळून झालीय, पण ही वहीतली पुढच्या वर्षी नक्की.

सोनकी

काका, पत्त्यांत कोणता डाव?

खवय्या_काका

मेंढीकोट. दोघांत होत नाही, पण आम्ही खेळायचो. नियम तिचे.

रमणबागेतली_चटई

आमची दिवाळी डिसेंबरात. म्हणजे सवाई गंधर्व. नवरा गाण्याचा वेडा, मला सा आणि म यातला फरक आजतागायत कळलेला नाही. लग्न ठरवताना त्याने दोनच प्रश्न विचारले होते: सवाईला येशील का, आणि मध्येच "निघूया का" म्हणशील का. मी पहिल्याला हो म्हटलं, दुसऱ्याला खोटं बोलले.

तेव्हा रमणबागेत असायचं. दुपारी जाऊन जागा धरायची, चटई, शाल, थर्मास, उशी. त्याचे वडील सांगायचे की पूर्वी रात्रभर चालायचं, लोक पहाटेची भैरवी ऐकून तसेच कामाला जायचे. १९५३ पासूनचा महोत्सव, भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केलेला, हे मला तोंडपाठ आहे कारण दरवर्षी मांडवात शिरताना तो मला सांगतो.

मी झोपते. तानपुरा लागला की दहाव्या मिनिटाला. पहिल्या वर्षी त्याला लाज वाटली, दुसऱ्या वर्षी राग आला, तिसऱ्या वर्षी त्याने माझ्या अंगावर शाल घातली आणि शेजारच्या आजोबांना कुजबुजला, "ती डोळे मिटून ऐकते." आजोबा म्हणाले, "घोरत पण सुरात आहेत."

मधल्या सुट्टीत मात्र टक्क जागी. भजी, बटाटेवडा, कॉफी. वीस वर्षांत मी जेवढे मोठे कलाकार झोपेतून ऐकलेत तेवढे कुणी जागेपणी ऐकले नसतील. आता जागा बदलली, खुर्च्या आल्या, आणि खुर्चीत मला झोप येत नाही. त्यामुळे दोन वर्षांपासून ऐकू यायला लागलंय. त्याला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी एकदा डोळ्यांत पाणी आलं, तर तो म्हणाला, जांभई का?

अनारसा

चटई, सांग त्याला!

रमणबागेतली_चटई

नको. शाल घालणं बंद करेल.

मु_पो_सोलापूर

मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

आमची हिंडायची हौस म्हणजे हुरडा. बायको दादरची. तिला वाटायचं ज्वारी म्हणजे भाकरीच. पहिल्या डिसेंबरात शेतावर घेऊन गेलो. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली, धग धरली की कणसं निखाऱ्यात खोचायची. कोवळी पाहिजेत, दाणा दाबला की दूध निघालं पाहिजे. गूळभेंडी ज्वारी असली तर क्या बात. भाजून बाहेर काढलं की गरम असतानाच हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. गार झालं की दाणे सुटत नाहीत. तळहात भाजतो. तो भाजलाच पाहिजे.

मी चोळून पहिली मूठ तिच्या हातात दिली. ती म्हणाली तुझे हात किती काळे झालेत. मी म्हणालो खा आधी. खाल्ले. मग काही न बोलता स्वतः बसली चोळायला, वहिनीच्या शेजारी. नखात राख, केसात कोंडा. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. चार वाजेपर्यंत उठली नाही. रात्री पोट दुखलं ते वेगळं. हुरड्यावर पाणी पिऊ नये असं आमची आई सांगायची, ही दोन तांबे प्यायली.

आता शहराबाहेर हुरडा पार्ट्या होतात, तिकीट लावून, आयता सोललेला वाटीत देतात. आम्ही गेलो होतो एकदा मित्रांबरोबर. बायको वाटीकडे बघून म्हणाली, ह्यात हात कुठेत?

चिवडा_पातळ_पोह्यांचा

वा! आता हुरडा कुठून आणू ऑक्टोबरात.

लाल_डबा

सोलापूरला वंदे भारत आहे.

तगर

मंडळी, जाऊन आलो!

सांगते सविस्तर. पाडव्याला ओवाळलं आणि ताटात मीच ती चिठ्ठी टाकली. हा वाचत राहिला. आधी म्हणाला, अक्षर बरं होतं तेव्हा. मग म्हणाला, चल. मी म्हटलं आत्ता? दिवाळीत माथेरानला मुंगी शिरायला जागा नसते. तर म्हणाला, बावीस वर्षं थकलंय, व्याज वाढतंय.

भाऊबीज उरकून दुसऱ्या दिवशी पहाटेची लोकल, नेरळ. मला छोटी गाडीच हवी होती, नेरळपासून वर. १९०७ ची गाडी, जुलै २००५ च्या पुरात रूळ उखडले, पुढे पुन्हा बंद, पुन्हा चालू, हे सगळं मी घरबसल्या वर्तमानपत्रात वाचत आले होते, आपल्याच नात्यातलं कुणी आजारी असावं तसं. तर स्टेशनवर कळलं की पावसाळ्यानंतर नेरळहून ती अजून सुरू झालेली नाही. वरची अमन लॉज ते माथेरान तेवढी चालू. मग टॅक्सीने दस्तुरी नाका, तिथून पुढे गाड्या जातच नाहीत. शटलला ही रांग! शेवटी रुळांच्या कडेने चालत निघालो. बॅग ह्याच्याकडे, पाण्याची बाटली माझ्याकडे, आणि डब्यात चकल्या. हो, केल्या. निम्म्या भाजणीच्या. ह्याने सोऱ्या फिरवला, चांदणीच्या चकतीऐवजी शेवेची लावून. त्यामुळे अर्ध्या चकल्या म्हणजे जाडी शेव आहे.

एका माकडाने डबा नेला. झाडावर बसून उघडला, एक चकली मोडली, वास घेतला आणि डबा खाली टाकला. ह्याचं म्हणणं मोहन कमी पडलं.

संध्याकाळी कड्यावर बसलो. फार काही बोललो नाही. लेकीचा फोन आला, पेपर बरा गेला म्हणाली, तुम्ही कुठे आहात? मी सांगितलं. ती म्हणाली, दोघंच? मी म्हटलं हो. म्हणाली, अय्या.

बर्फाळ

अय्या!! किती गोड.

सोनकी

तगर, तो बोगदा? त्या मार्गावर एकच बोगदा आहे आणि त्याला वन किस टनेल म्हणतात, इतका लहान की तेवढाच वेळ मिळतो.

तगर

तो खालच्या टप्प्यात येतो ग, नेरळहून गाडीने गेलं तरच. हुकला. ह्याने चिठ्ठीवर खाली लिहून घेतलंय, "माथेरान, पोचले. बोगदा बाकी." आणि ह्या वर्षीची सही.

पट्टीचा_पोहणारा

हुशार माणूस. पुढच्या पाडव्याचीही सोय झाली.

खवय्या_काका

गाडी सुरू झाली की जा. बावीस वर्षं लावू नका.

तगर

नाही काका, डिसेंबरातच. आता एक अगदी किरकोळ प्रश्न. माथेरानची लाल माती बुटातून निघत नाहीये. दोनदा भिजवले, ब्रश मारला, खायचा सोडा लावला. बादली लाल, बूट तसेच. कुणाकडे काही उपाय?

चिवडा_पातळ_पोह्यांचा

व्हिनेगर?

वसईकर_सून

उन्हात वाळवून आधी कोरडीच झटक, पाणी लावलंस तिथेच चुकलं.

अनारसा

बूट पांढरे होते का?

तगर

हो :(

मु_पो_सोलापूर

माथेरानला पांढरे बूट कोण घालतं हो ताई.

तगर

त्याने पाडव्याला घेतले होते.